गंजलेली कील : लहान शिडाच्या नौकांतील एका जुन्या प्रश्नाचा आढावा

वाऱ्याच्या बाजूच्या दाबाने शिडाची नौका आडवी वाहून जाऊ नये आणि कलंडूही नये, यासाठी तिच्या तळाखाली पाण्यात उतरवलेल्या जड, पंखासारख्या भागाला कील म्हणतात. कोकणातील गलबते बांधणाऱ्या सुतारांकडे पठाण हा जुना शब्द आहे; परंतु तो नौकेच्या लांबीभर जाणाऱ्या लाकडी कण्याला लागू पडतो, आणि नौका स्थिर राहावी म्हणून तळात घालायचे वजन, ज्याला नीरम म्हणतात, ते त्याहून वेगळे असते. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत ज्या लहान क्रीडानौका हजारोंच्या संख्येने बांधल्या गेल्या, त्यांत वाहून जाणे रोखणारा पंख आणि नीरम या दोहोंचे काम धातूच्या एकाच तुकड्यावर सोपवले गेले, आणि हा तुकडा पुष्कळदा लोखंडाचा असल्यामुळे त्याच्या गंजाचा प्रश्न उभा राहिला. नौकामालक, रंग बनवणारे आणि नौकांची तपासणी करणारे सर्वेक्षक यांच्यात या प्रश्नावर पिढ्यान्पिढ्या खल होत आला आहे. मात्र त्यातला फार मोठा भाग कोणता रंग लावावा याच मुद्द्याभोवती फिरतो आणि कीलच्या पृष्ठभागावर जे तांबूस डाग दिसतात त्यांच्या पलीकडे जात नाही. प्रत्यक्षात सर्वाधिक धोका जिथे असतो ती जागा रंगाच्या आवाक्यातच नसते.

मुळात लोखंडच का, याचे उत्तर पैशात आहे. शिशाची घनता पाण्याच्या सुमारे 11.3 पट आणि बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, सुमारे 7.2 पट असते. म्हणून एक टन वजन शिशात 0.088 घनमीटर जागेत मावते, तर बिडाला त्यासाठी 0.139 घनमीटर जागा लागते, आणि तेवढा जास्तीचा आकार पाण्यातून ओढत न्यावा लागतो. शिसे गंजत नाही, खडकावर आपटले तर चेपते पण तडकत नाही, आणि ओतायलाही सोपे आहे; तरीही ते महाग असल्यामुळे सामान्य माणसाच्या नौकेला बिडाची कील मिळाली. स्कँडिनेव्हियात 1942 मध्ये पाण्यात उतरलेली 7.68 मीटर लांबीची नॉर्डिक फोकबोट हे याचे ठळक उदाहरण होय. तिच्या एकूण वजनापैकी निम्म्याहून अधिक वजन एकट्या लोखंडी कीलचे आहे. ब्रिटनमध्ये 1969 पासून बांधल्या गेलेल्या सुमारे अडीच हजार वेस्टर्ली सेंटॉर नौकांना एकीऐवजी दोन बिडाच्या कील दिल्या गेल्या, जेणेकरून ओहोटीला पाणी ओसरल्यावर नौका चिखलात दोन पायांवर सरळ उभी राहावी. त्याच सुमारास अमेरिकेत आलेल्या कॅटलिना 22 या नौकेत सुमारे 250 किलो वजनाची झुलती कील आली, जी एका आडव्या खिळीवर फिरते आणि तारेने वर ओढली की पाच फूट खोल जाणारी नौका दोन फूट पाण्यातही चालते. याशिवाय काही नौकांत लोखंडाचे तुकडे फायबरच्या कवचात सिमेंट किंवा राळेने बंद केलेले असतात, तर अगदी लहान नौकांत जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी पाटी एका उभ्या खाचेतून वरखाली होते. गंज या सर्वांना लागतो, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा असतो, आणि सरसकट सल्ल्यांची गफलत इथेच होते.

गंज ही एक विद्युत-रासायनिक क्रिया आहे. लोखंडाच्या पृष्ठभागावर एका ठिकाणी लोहाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून विरघळतात, हे इलेक्ट्रॉन धातूतूनच दुसऱ्या ठिकाणी जातात आणि तिथे पाण्यातील ऑक्सिजन त्यांना स्वीकारतो. पहिली जागा धनाग्र आणि दुसरी ऋणाग्र. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असल्यामुळे हे मंडल सहज पूर्ण होते. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की जिथे ऑक्सिजन कमी पोचतो, म्हणजे रंगाच्या फोडाखाली, चिकटलेल्या शिंपल्याच्या बुडाशी किंवा सांध्याच्या फटीत, तीच जागा धनाग्र बनून खाल्ली जाते. कीलवरचा एखादा रुपयाएवढा फोड छन्नीच्या टोकाने उचलला, तर वर नारिंगी-तपकिरी कडक खपली निघते, तिच्याखाली काळसर चिखलासारखा ओला थर लागतो, आणि तो पुसला की तळाशी चकचकीत धातूचा वाटीसारखा खळगा दिसतो, जो हवा लागताच थोड्याच वेळात पिवळसर होऊ लागतो. काळा थर ऑक्सिजनच्या तुटवड्याची खूण आहे, आणि त्यातील द्रव आम्लधर्मी असून क्लोराइडने भरलेला असतो. हा क्लोराइड खळग्यात राहिला तर वर कितीही उत्तम रंग चढवला तरी तो हवेतील ओल ओढून घेतो आणि काही महिन्यांत त्याच जागी पुन्हा फोड येतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्यामुळे तो रंगाला आतून उचलतो. फायबरच्या कवचात बंद असलेल्या लोखंडाला पाणी लागले, तर हाच दाब कवचालाही तडे पाडू शकतो.

बिडाची म्हणून एक खास व्याधी आहे. त्यात दोन ते चार टक्के कार्बन असतो, आणि राखाडी बिडात तो ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. ग्राफाइट लोखंडाच्या तुलनेत ऋणाग्राचे काम करत असल्यामुळे भोवतीचे लोखंड विरघळून जाते आणि मागे ग्राफाइट व गंज यांचा सांगाडा उरतो, जो आकाराने मूळ वस्तूसारखाच दिसतो पण चाकूने खरवडता येतो. म्हणून जुन्या बिडाच्या कीलवर काळा, मऊ, पेन्सिलीसारखी खूण उमटवणारा थर आढळला तर तो धातू समजून त्यावर रंग देणे व्यर्थ ठरते. खाली टणक धातू लागेपर्यंत तो काढावाच लागतो.

आता गांभीर्याचे मोजमाप. समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या उघड्या पोलादाची सरासरी झीज वर्षाला साधारण 0.1 मिलिमीटर धरली जाते, खळगे मात्र त्याहून बरेच वेगाने खोल जातात. कित्येक सेंटिमीटर जाडीच्या बिडाच्या कीलच्या दृष्टीने ही झीज एका मानवी आयुष्यातही चिंतेची ठरत नाही. फार तर पृष्ठभाग खडबडीत होऊन नौकेचा वेग घटतो आणि पाहणाऱ्याला ती उपेक्षित वाटते. याउलट आठ मिलिमीटर जाडीची पाटी दोन्ही बाजूंनी झिजत असल्यामुळे, मुलामा संपल्यानंतर वीस वर्षांत तिची निम्मी जाडी जाऊ शकते. तेव्हा जाड कील खरवडण्यात प्रत्येक हिवाळा घालवणारा मालक आणि पातळ पाटीकडे दुर्लक्ष करणारा मालक, या दोघांचेही श्रम व चिंता चुकीच्या जागी लागलेल्या असतात.

पृष्ठभागाची दुरुस्ती करायची ठरली, तर तिचे यश रंगापेक्षा त्याआधीच्या साफसफाईवर अवलंबून असते, याबद्दल जाणकारांत जवळपास एकमत आहे. साफसफाईची प्रत मोजण्यासाठी आयएसओ 8501 हे आंतरराष्ट्रीय प्रमाण वापरले जाते. त्यात हातच्या आणि यंत्राच्या अवजारांनी केलेल्या कामाला एसटी 2 व एसटी 3, तर कणांच्या माऱ्याने, म्हणजे ब्लास्टिंगने, जवळजवळ पांढऱ्या धातूपर्यंत नेलेल्या कामाला एसए अडीच असे संबोधतात. कायम पाण्याखाली राहणाऱ्या इपॉक्सी रंगासाठी बहुतेक उत्पादक एसए अडीच मागतात, आणि ही मागणी रास्त आहे. ग्राइंडरला लावलेला तारेचा ब्रश झटपट काम करतो आणि धातू चमकवतो, पण ती चमक फसवी असते, कारण तो खळग्यातला गंज काढण्याऐवजी घोटून गुळगुळीत करतो आणि रंगाला धरायला खरखरीतपणा उरत नाही. ब्लास्टिंगने मात्र सुमारे 50 ते 75 मायक्रॉन खोलीचे बारीक डोंगर-दऱ्यांसारखा पोत तयार होतो आणि मारा खळग्याच्या तळापर्यंत पोचतो. मारा करण्यासाठी गार्नेट किंवा धातुमळीची भुकटी वापरावी. साध्या वाळूची धूळ फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस हा असाध्य विकार होतो, आणि ब्रिटनमधील कारखान्यांत तिचा असा वापर 1949 च्या नियमांनी बंद केला. जुने थर काढतानाही सावधगिरी हवी. लोखंडावर अस्तर म्हणून पूर्वी सर्रास लाल शिसे दिले जाई, म्हणजेच मराठी घरात देवाला लावला जाणारा शेंदूर. तो कोरडा घासल्यास शिशाची विषारी धूळ उडते. त्याच्याही वर जुन्या शेवाळरोधक रंगांत कथिलाची ट्रायब्युटिलटिन नावाची संयुगे असू शकतात, ज्यांच्यावर 2001 च्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी घातली आणि तो करार 17 सप्टेंबर 2008 रोजी अंमलात आला. असे थर ओले करून घासणे आणि खाली पडलेला चुरा गोळा करणे ही चैन नव्हे, कर्तव्य आहे.

क्लोराइडचा बंदोबस्त हा या कामातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ब्लास्टिंग झालेली कील रात्रभर तशीच ठेवली, तर सकाळी तिचा बराच भाग राखाडी राहतो आणि काही ठिपके मात्र गडद व ओलसर दिसतात. हे ठिपके म्हणजे अजून आत दडलेल्या क्षाराचा नकाशाच होय. ते गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन, वाळवून, पुन्हा मारा केला म्हणजे दुरुस्ती टिकते. यात एक दिवस वाया गेल्यासारखे वाटते, आणि बोटयार्डाचे भाडे दिवसावर मोजले जात असल्याने हाच दिवस वाचवण्याचा मोह होतो; पण पुढच्या वर्षी तेच फोड त्याच जागी उगवण्याचे कारण बहुतेक वेळा हा वाचवलेला दिवसच असतो. उलट, अंतिम माऱ्यानंतर अस्तराचा पहिला हात त्याच दिवशी, शक्य तर काही तासांतच, द्यावा लागतो, कारण दमट हवेत उघडा धातू बघता बघता तांबूस होतो.

गंज-परिवर्तकांविषयी मतभेद आहेत. फॉस्फोरिक आम्ल गंजाचे लोहफॉस्फेटात आणि टॅनिक आम्ल काळसर लोहटॅनेटात रूपांतर करते, आणि घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावर हा उपाय जमिनीवरील फाटके आणि गजांसाठी चांगला चालतो. कीलच्या बाबतीत मात्र तो खोल खळग्याच्या तळापर्यंत पोचत नाही आणि न वापरले गेलेले आम्ल रंगाखाली राहिल्यास चिकटपणा बिघडतो. ब्लास्टिंगची सोय नसलेल्या मालकाने, दर एक-दोन वर्षांनी डागडुजी करावी लागणार हे मान्य करून, तो वापरावा. कायमचा इलाज म्हणून त्याची भलामण करणे योग्य नाही.

रंगाच्या बाबतीत दोन घटकांचा इपॉक्सी आज सर्वमान्य आहे. त्याचे चार ते सहा हात देऊन एकूण जाडी साधारण 250 ते 400 मायक्रॉनपर्यंत नेतात, आणि पहिल्या हातानंतर खळग्यांत इपॉक्सीचीच लांबी भरून पृष्ठभाग सारखा करतात. उघड्या धातूवर थेट लांबी भरण्यापेक्षा हा क्रम अधिक टिकाऊ ठरतो. धारदार कडांवरून ओला रंग मागे सरकतो आणि तिथे थर पातळ राहतो, म्हणून कडा कानशीने गोल करून त्यांवर ब्रशने एक जादा हात द्यावा लागतो. कीलचा गंज पुष्कळदा पुढच्या-मागच्या कडांवर आणि बुडावर परत येतो, त्यामागे हे एक कारण आहे. बुडाबाबत दुसरे कारण असे की नौका यार्डात कीलवरच टेकून उभी असते आणि ती पट्ट्यांवर उचलल्याशिवाय तो भाग हाती लागत नाही.

हवामानाची अट मात्र कोणत्याही रंगाच्या डब्याइतकीच महत्त्वाची आहे. सापेक्ष आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली आणि धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानापेक्षा, किमान 3 अंश सेल्सियसने वर असावे, असा नियम आहे. मुंबई किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा 28 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू 25 अंशांच्या थोडा वर जातो. रात्रभर निवलेले लोखंडाचे धूड सकाळी हवेबरोबर लवकर तापत नाही, आणि थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात तशी त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारी ओल बसते. त्यामुळे कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांतच करणे शहाणपणाचे आहे, जसे ब्रिटनमध्ये ते गारठ्यामुळे वसंतापर्यंत लांबवतात. दोन भरत्यांच्या मधल्या काही तासांत नौका किनाऱ्यावर उभी करून तळ घासण्याची पद्धत सोयीची असली, तरी तेवढ्या वेळात इपॉक्सीचा एक हातही नीट सुकत नाही.

वेगवेगळे धातू एकत्र आल्याने होणारी झीज हा विषय नौकानयनाला अडीच शतकांपासून ठाऊक आहे. ब्रिटिश आरमाराने 1761 मध्ये अलार्म या फ्रिगेटच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकून तिला वेस्ट इंडीजला पाठवले. दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा लोखंडी खिळे तांब्याच्या संपर्कात पार खाल्ले गेलेले आढळले, मात्र जिथे पत्र्यांच्या वेष्टणाचा तपकिरी कागद चुकून मध्ये राहिला होता तिथले खिळे शाबूत होते. हंफ्री डेव्हीने 1824 मध्ये याच तत्त्वाचा उलटा उपयोग करून, तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले असता ते तुकडे झिजून तांबे वाचते, हे दाखवले. आजच्या कीलवर बोल्टने बसवलेला जस्ताचा ठोकळा, म्हणजे ॲनोड, हा त्याचाच वारस आहे. तो धातूला थेट भिडलेला असावा, त्यावर चुकूनही रंग लागू नये, आणि निम्मा झिजला की बदलावा. गोड्या पाण्यात जस्तावर साय धरून ते निष्क्रिय होते, म्हणून तिथे मॅग्नेशियम आणि खाडीच्या मचूळ पाण्यात ॲल्युमिनियम चालते. परंतु मॅग्नेशियम खाऱ्या पाण्यात नेल्यास संरक्षण अति होऊन रंगच सुटू लागतो. जुन्या फोकबोटसारख्या लाकडी नौकांत तर अति संरक्षणामुळे धातूभोवती अल्कली तयार होऊन लाकूड मऊ पडते, म्हणून तिथे ॲनोड वाढवण्याचा उत्साह आवरावा. शेवाळरोधक रंगात बहुधा तांब्याचा ऑक्साइड असतो. त्याच्या आणि लोखंडाच्या मध्ये इपॉक्सीचा अखंड पडदा राखणे, हे अलार्मच्या कागदाचेच काम आहे.

येथवरचा सारा विचार कीलच्या दिसणाऱ्या अंगाचा झाला. कील नौकेला ज्या बोल्टांनी जोडलेली असते ते कवच आणि कील यांच्या सांध्यात दडलेले असतात, आणि तिथे गंज लागला तर बाहेरून फक्त सांध्याच्या रेषेतून उतरलेला एखादा तपकिरी ओघळ दिसतो. स्टेनलेस पोलाद गंजत नाही ही समजूत इथे घातक ठरते. त्याच्यावरचा संरक्षक पापुद्रा टिकायला ऑक्सिजन लागतो, आणि सांध्यात झिरपून साचलेल्या पाण्यात तो संपल्यावर बोल्ट फटीच्या जागी कमरेत आवळल्यासारखा बारीक होत जातो, जरी वरची चाकी आणि नट नव्यासारखे चकाकत असले तरी. मे 2014 मध्ये चीकी रफीकी या नौकेची कील अटलांटिक महासागरात तुटून पडली आणि तिच्यावरचे चारही नाविक दगावले. ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण शाखेने आधीच्या आपटण्यांमुळे व दुरुस्त्यांमुळे जोड कमकुवत झाला असण्याची आणि एखादा-दुसरा बोल्ट खराब झाला असण्याचीही शक्यता नमूद केली. सेंटॉरसारख्या नौकांत तर कील ज्या फायबरच्या भागाला जोडली आहे तो भागच पुढे बळकट करावा लागल्याची उदाहरणे आहेत. म्हणून सांध्याच्या पुढच्या टोकाला हसऱ्या ओठांसारखी चीर पडलेली असेल, तर ती लांबी भरून बुजवण्यापूर्वी तिचे कारण शोधणे अनिवार्य आहे: नौका पट्ट्यांवर उचलल्यावर चीर रुंदावते का, नौकेच्या पोटातील नटांभोवती ओल आहे का, आणि नट ठरल्या ताणाला आवळताना नुसता फिरत राहतो का, या तीन गोष्टी तपासाव्यात. शंका राहिल्यास बोल्टांचे क्ष-किरण चित्र घेता येते, किंवा एक बोल्ट उपसून पाहता येतो. जो सर्वांत ओल्या जागी आहे, तोच उपसावा.

झुलत्या कीलमध्ये हीच भूमिका खिळीची आणि ओढतारेची असते. खिळीचे भोक लांबट झाले की लाटेवर कील आतल्या आत खडखडू लागते, आणि हा आवाज नांगरलेल्या नौकेत रात्री झोपलेल्याला स्पष्ट ऐकू येतो. दर खडखडाटाबरोबर भोक आणखी झिजते. तार तुटली तर अडीचशे किलोचे लोखंड एकदम खाली आपटून नौकेच्या खाचेच्या टोकाशी धडकते. अशी कील दुरुस्तीसाठी उतरवताना नौका उंच उचलून, कीलखाली गादी किंवा वाळूची पोती आणि जॅक ठेवून, मगच खिळी काढावी. तिच्याखाली हात घालून कोणीही काम करू नये. भोक झिजले असेल तर ते मोठे छेदून त्यात कांस्याची बुशी बसवतात, कीलच्या दोन्ही बाजूंना चकत्या देऊन डुगडुग थांबवतात, आणि तार गंजो वा न गंजो, कील बाहेर आलेली असताना ती बदलूनच टाकतात, कारण तिची खालची टोकाची गाठ एरवी खाचेत अडकलेली असते आणि पुन्हा पाहायला मिळेपर्यंत कित्येक वर्षे जातात.